एका पंपाला तीन टोपणं

आमच्या कॉलेजातले पाठकोरे कागद माझ्या ताब्यात असतात. जुनी परिपत्रकं, रद्द झालेली वेळापत्रकं, असे एका बाजूनं छापलेले आणि दुसऱ्या बाजूनं कोरे कागद मी गठ्ठे बांधून कपाटात ठेवतो आणि कच्च्या कामाला देतो. २०१७ च्या जुलैत माझ्या लक्षात आलं की आठवड्याला शंभरेक कागद कमी होताहेत. एवढं कच्चं काम आमच्याकडं नव्हतं. चौकशी केली तेव्हा शिपायानं कॉम्प्युटर लॅबकडं बोट दाखवलं.

नेरमधलं आमचं कॉलेज लहान आहे. मी तिथं मुख्य लिपिक. अमरावतीला बी.कॉम. करून एकतीस वर्षांपूर्वी इथं लागलो, येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. सगळे मला बडेबाबू म्हणतात. न सांगता नेलेला कागद ही माझ्या मते लहान गोष्ट नाही, म्हणून मधल्या सुट्टीत मी स्वतः लॅबमध्ये गेलो.

लॅब असिस्टंट नलू मुनेश्वर एकटीच डबा उघडून बसली होती. डाव्या हातात भाकरीचा तुकडा, उजव्या हातात लाल पेन आणि समोर माझे कागद.

"मॅडम, हे कागद कोणत्या कामाचे?"

"वाचाचे," ती म्हणाली. "बसा ना बडेबाबू. जवसाची चटणी हाये, घ्या."

"कॉलेजचं काम आहे का हे?"

"नाई. पण कागद फेकाचेच व्हते ना? का तुमी फेकतच नाई? तुमी रिटायर होऊन जासान आन हे गठ्ठे कपाटातच राह्यतीन."

मी कागद उचलला. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, अर्धवट ओळी. समासात तिच्या हातचे लाल शेरे. शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: परत. मी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, जर्मनीत एक इंजिनिअर आहे, त्याचं. आम्ही काही जण मिळून एक प्रोग्राम करतो, तो सगळ्यांसाठी उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही सुधारून पाठवावा.

"आणि तुम्ही त्याला परत पाठवता?"

"पंधरा जागी चुकला तो. परतच पाठवाव लागन ना."

"तो ऐकतो तुमचं?"

"नाई ऐकून सांगते कोनाले? मी पास केल्याबिगर आत जात नाई."

सोळा वर्षं ही बाई माझ्या हजेरीपटावर सही करत होती. लॅबमधल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पंखे, खुर्च्या, यापलीकडं तिच्याशी माझं बोलणं झालेलं नव्हतं. मी कागदाचा विषय तिथंच सोडला. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी लॅबमध्ये जाऊन बसू लागलो.

नलू भीमनगरातली. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. वडील लोकांच्या वावरात फवारणीला जायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर मुलीकडून पाढे म्हणून घ्यायचे. स्वतःला येत नव्हते, म्हणून भिंतीवर लावलेल्या उजळणीत बोट ठेवून तपासायचे. तिनं पुसदला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं. दोन वर्षं नागपुरात नोकरी केली. मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ती परत आली. वडील गेल्याला आता नऊ वर्षं झाली. घरात ती, तिच्याहून सात वर्षांनी लहान भाऊ रवी, त्याची बायको रुपाली आणि त्यांची मुलगी. रवी वडिलांच्याच कामाला, फवारणीला जातो.

दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं हे काम तिच्याकडं कसं आलं, ते तिनं मला दोन वाक्यांत सांगितलं. "लिहाले सगळ्याइले आवडते. वाचाले कोनी तयार नसते, मी तयार व्हती." एका मोफत प्रोग्राममध्ये तिला चूक दिसली, तिनं कळवलं, उत्तर आलं, पुन्हा वाचायला मिळालं, असं करत ती वाचणारी झाली. पडद्यावर तिला चुका दिसत नाहीत. कागदावर, भाकरी खाता खाता दिसतात.

२०१५ साली पुसदच्याच एका डॉक्टरांच्या मुलानं, रजतनं, पुण्यातून एक प्रोग्राम सुरू केला. त्याचं नाव बोंडवही. कपाशीवर कोणती कीड, कोणत्या दिवसांत, कोणतं औषध, फवारणीच्या एका पंपाला किती, हे फोनवर मराठीत सांगणारा. रजतनं मदतीला माणसं मागितली तेव्हा लिहिणारे वीस आले आणि मंजुरीचं बटण नलूकडं आलं. "या कामात आमच्या बाजूची एकटी मीच," ती सांगायची. आवाजात ऐट असायची आणि ती लपवायचीही नाही.

आता माझ्या शिस्तीचा भाग. त्या कागदांवर मधूनमधून एक शब्द दिसायचा, टूडू. त्यापुढं एखादं वाक्य. मी विचारलं, हे काय?

"म्हंजे नंतर कराचं. लिहिता लिहिता काई अडलं, येळ नसला, की मानूस तिथं खूण करून पुढं जाते. कॉम्प्युटर ते वाचत नाई. मानसासाठी असते."

"आणि नंतर कोण करतं?"

"नंतर?" ती हसली. "नंतर कोन येते, बडेबाबू?"

"असे किती आहेत?"

तिनं यंत्राला विचारलं. दोनशे चौदा.

मला खरोखर धक्का बसला. दोनशे चौदा प्रलंबित प्रकरणं, एकालाही तारीख नाही, जबाबदार माणूस नाही आणि प्रोग्राम लोकांच्या खिशात. आमच्या ऑफिसात असं असतं तर तपासणीला आलेल्या साहेबानं मला उभं केलं असतं. दुसऱ्या दिवशी मी रूळ मारून एक वही तयार केली. अनुक्रमांक, शेरा, कुणी लिहिला, केव्हा, कुणी मंजूर केला, निकाल.

"तुमी माह्या डोक्यावर तलाठी आनून बसवला," नलू म्हणाली. पण वही तिला आवडली. रोज मधल्या सुट्टीत तीन-चार शेरे. ती शोधायची, मी लिहायचो.

बहुतेक निरुपद्रवी निघाले. रंग बदलायचा, अक्षर मोठं करायचं, एका किडीचं चित्र भलतंच आहे. एकानं लिहिलं होतं, हे का चालतं मला कळत नाही, पण चालतं, कृपया हात लावू नये. त्यावर नलू डबा बाजूला ठेवून हसली होती. "हा खरा मानूस हाये," ती म्हणाली.

त्या वर्षी कपाशी फार वाढली होती. माणूस आत गेला की बाहेरून दिसत नव्हता. बोंडं किडत होती आणि लोक आठवड्याला, चार दिवसांना फवारत होते. ऑगस्ट संपता संपता चहाच्या टपरीवर बोलणं सुरू झालं की यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात फवारणीची माणसं येताहेत. कुणाला दिसत नाही, कुणी बेशुद्ध. कुणी म्हणायचं उन्हानं, कुणी वाऱ्यानं, कुणी औषधच जहाल आलं म्हणून, कुणी तोंडाला बांधत नाहीत म्हणून. आम्ही दोघंही ते ऐकत होतो आणि शेरे निकाली काढत होतो. त्या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. तिच्याही आलं नसावं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. अनुक्रमांक एकशे सदतीस. नलूनं सांगितलं, मी लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"टोपण म्हणजे दहा मिली धरलं आहे. प्रत्यक्ष मोजून घ्यायचं. लिहिणारा, रजत. जून दोन हजार सोळा. मंजूर करणारी, एन. मुनेश्वर."

मी वर पाहिलं. तिचा घास तोंडातच होता.

"काय झालं?"

"बडेबाबू, तुमच्या वावरातला पंप कुठं असते?"

माझं सहा एकर वावर आहे, गावापासून दोन किलोमीटरवर. मारोतराव म्हणून एक गृहस्थ ते बटाईनं करतात. मी म्हटलं, पंप वावरातल्या झोपडीत, खोपडीत असतो.

"त्याले टोपण बांधेल हाये?"

"आहे की. सुतळीनं."

सगळ्यांच्याच पंपाला असतं. बाटलीचं स्वतःचं टोपण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर कुठंतरी पडतं आणि हरवतं, म्हणून आमच्याकडं एक मोठं टोपण पंपाच्या दांड्याला बांधून ठेवतात. औषधं बदलतात, बाटल्या बदलतात, टोपण वर्षानुवर्षं तेच. ते किती मिलीचं आहे, हा प्रश्न सत्तावन्न वर्षांत मला पडला नव्हता. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो आहे.

"घेऊन या," नलू म्हणाली. तिनं मला हुकूम दिला आणि मी स्कूटर काढून गेलो.

मारोतराव खोपडीपाशीच होते. टोपण सोडताना त्यांनी विचारलं, "कायले पाहिजे हो?" मी म्हटलं, मोजायला. ते म्हणाले, "टोपन काय मोजता, टोपन टोपन असते."

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आमचे जुने परिचर बबनराव आहेत. त्यांनी टोपण साबणानं तीनदा धुतलं, मोजपात्र खिडकीपाशी उजेडात ठेवलं.

"रिटायर होता होता प्रयोग सुरू केले काय, बडेबाबू?"

कुणी हसलं नाही. टोपण काठोकाठ भरून त्यांनी पाणी ओतलं आणि वाकून पाहिलं.

"सव्वीस."

"परत," नलू म्हणाली.

"सव्वीसच हाये, मॅडम."

बोंडवही सांगत होती, एका पंपाला तीन टोपणं. दहाच्या हिशेबानं तीस मिली. सव्वीसच्या हिशेबानं अठ्ठ्याहत्तर. मी वाणिज्याचा माणूस, आकडा माझ्या डोक्यात आपोआप झाला आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो.

नलूनं रजतला फोन लावला. मोजपात्राशेजारी फोन ठेवून ती बोलत होती, म्हणून आम्हाला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"रजत, टोपण दहा मिलीचं कुठून आणलं?"

"कुठलं टोपण, ताई?"

"बोंडवहीतलं."

तिकडं बटणं वाजली. "अच्छा, ते. ते तात्पुरतं होतं. खोकल्याच्या औषधाचं टोपण दहाचं असतं ना, घरात तेच होतं. मी खाली लिहून ठेवलंय बघा, मोजून घ्यायचं म्हणून."

"कुणी मोजायचं?"

"ताई, मला वाटलं तुम्ही बघितलं असेल. तुमच्याकडचंच आहे ते. आणि टोपणात लिहा, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच तिनंच सांगितलं होतं. आधी प्रोग्राममध्ये फक्त मिली होतं. तिनं लिहून कळवलं होतं की आमच्या गावात मिली कुणी मोजत नाही, टोपणात सांगा, तर कळेल. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. रजतनं ते करून पाठवलं आणि तिनं मंजूर केलं.

"हो," नलू म्हणाली. "मीच पास केलं."

फोन ठेवल्यावर ती दाराकडं निघाली आणि मध्येच उभी राहिली. "बडेबाबू, रवी."

रवीच्या फोनवर बोंडवही तिनंच टाकून दिली होती. आठ दिवसांपासून तो डोकं धरून घरी येत होता. उन्हानं होत असेल म्हणून ती त्याला लिंबूपाणी देत होती. तिनं त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रुपालीला लावला तर ती म्हणाली, सहा किलोमीटरवरच्या वावरात गेले, सकाळी सातलाच.

माझ्या स्कूटरवर मागं बसून ती सारखी तोच नंबर लावत होती. वावर सापडलं, रवी सापडेना. कपाशीत माणूस दिसत नव्हता. आम्ही तासांमधून, ओळी-ओळींतून हाका मारत फिरलो. शेवटी फोनचाच आवाज कानावर आला, पलीकडच्या धुऱ्यावर, निंबाखाली. तो तिथं टेकून बसला होता. पंप पाठीवरच होता, दांड्याला मारोतरावांच्या टोपणासारखंच मोठं टोपण. शर्ट ओला, पँट मांडीपर्यंत ओली, हनुवटीवरून लाळ.

"बाई?" तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणतो. "तू कायले आली? सोबत कोन हाये, दोघं जन?"

सोबत मी एकटा होतो.

तिनं पंपाचे पट्टे सोडले, शर्ट टराटरा फाडून काढला आणि मला ओरडून सांगितलं, पाणी. विहिरीजवळच्या टाक्यातून मी बादल्या आणल्या. ती त्याला लहान पोरासारखं चोळून धूत होती आणि विचारत होती, "किती टाकत व्हता? रव्या, किती टाकत व्हता?"

"तीन," तो म्हणाला. "तुयावालं तीन."

वावराच्या मालकानं जीप काढली. नेरहून यवतमाळ तासाभराच्या आत आलं असेल, मला वेळ आठवत नाही. एरवी मी कुठंही पोचलो की आधी घड्याळ बघतो.

वॉर्डात खाटा भरलेल्या होत्या. एका तरुण डॉक्टरनं रवीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, सुई लावली आणि विचारलं, औषध कोणतं, प्रमाण किती, किती दिवस? त्यांना बहुधा रोज एकच उत्तर मिळत असावं, माहीत नाही साहेब. नलूनं औषधाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "तीसच्या जागी अठ्ठ्याहत्तर मिली. पंधरा लिटरचा पंप. दिवसाला बारा पंप. आठ दिवस."

डॉक्टरनं लिहिता लिहिता वर पाहिलं. "एवढं अचूक कसं सांगता?"

"ज्यानं त्याले तीन टोपनं सांगतले, तो प्रोग्राम मी पास केला, साहेब."

डॉक्टरला ते कळलं नसावं. तो पुढच्या खाटेकडं गेला. मी तिला बाहेर बाकावर बसवायला गेलो तर तिनं माझा हात सोडवला आणि वॉर्डातच फिरायला लागली. प्रत्येक खाटेपाशी जाऊन नातेवाइकाला म्हणायची, "फोन दाखवा जरा. यांचा फोन." लोक दाखवत होते. तिच्याकडं बघून कुणी का म्हणून विचारलं नाही.

अकरा खाटा. रवीचा धरून दोन फोनांवर बोंडवही होती.

दुसरा फोन वच्छलाबाई नावाच्या एका बाईच्या हातात होता. तिचा नवरा शुद्धीवर नव्हता. नलूनं तिला सगळं सांगितलं, टोपण, दहा, सव्वीस, चूक आमची. मला वाटलं ती बाई आता हिच्या अंगावर जाईल. वच्छलाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन पुढं केला.

"मंग आता बरोबर किती टाकाचं ते सांगून ठेव, माय. दोन एकर राह्यलं हाये अजून. लेक फवारनार हाये उद्या."

त्या क्षणी नलूचा चेहरा मी पाहिला. सव्वीस आकडा ऐकला तेव्हाही तो तसा झाला नव्हता. तिनं त्या बाईच्या मुलाला तिथूनच फोन लावला आणि अर्धा तास बोलली. तो ऐकेना. ती ओरडली, रडली, शेवटी तो म्हणाला, नाही फवारत.

पाचव्या दिवशी रवीला एकाचं एक दिसायला लागलं. वच्छलाबाईचा नवराही आठवड्यानं बोलायला लागला, पण त्याचा हात थरथरायचा थांबला नाही. मी रविवारी रवीला भेटायला गेलो तेव्हा नलू त्याला भात भरवत होती. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "अरे, एवढा जाणता तू, यंत्र सांगतं म्हणून डोळे मिटून टाकायचं का?"

"यंत्राचं कोन ऐकते, बडेबाबू?" रवी म्हणाला. "मले पयल्या दिवशीच वास जास्त आलता. रुपालीबी म्हने, कमी टाका. मी म्हनलं, बाईनं पाहून घेतलं असन. बाईच्या हातून चुकीचं जात नाई."

नलू चमचा ताटात ठेवून बाहेर गेली. व्हरांड्यात ती भिंतीला डोकं टेकून उभी होती. मी तिच्या जवळ गेलो नाही.

इकडं रजतनं त्याच मंगळवारी संध्याकाळी चूक दुरुस्त केली होती. नवीन आवृत्ती टाकली ताई, सगळ्यांना जाईल, असं त्यानं कळवलं. पण आमच्याकडं बोंडवही कुणी इंटरनेटवरून उतरवून घेतलेलीच नव्हती. बाजाराच्या दिवशी, लग्नात, औषधाच्या दुकानापुढं बसल्या बसल्या एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ती गेलेली होती. दुरुस्ती या फोनांपर्यंत पोचण्याचा रस्ताच नव्हता. रजतला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे किती जणांकडं आहे हे आपल्याला माहीतच नाही?" नलू म्हणाली, "नाही."

त्यांच्या मंडळींत वाद झाला. एक-दोघांचं म्हणणं होतं, चूक सुधारली, आता गाजावाजा कशाला, प्रोग्रामचं नाव जाईल. नलूनं कुणाशी वाद घातला नाही. तिनं प्रोग्राममधून मात्रेचा सगळा भागच काढून टाकला आणि त्या जागी स्वतःचं पूर्ण नाव, गाव, फोन नंबर घालून लिहिलं की टोपण न मोजता मी हे मंजूर केलं होतं. मग तिनं आपल्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड केला. शुद्ध बिद्ध काही नाही, घरी बोलते तसा. टोपण मोजा, दवाखान्यातली सुई नसलेली पिचकारी आणा आणि मोजा, समजलं नाही तर मला फोन करा, दिवसा करा, रात्री करा. तो निरोप तिनं बाजारात उभं राहून लोकांच्या फोनात टाकला. बोंडवही जशी गेली तसाच तो जावा, एवढाच तिचा विचार होता.

ऑक्टोबरभर सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गावोगाव फिरलो. काही लोक ऐकत. काही जण म्हणत, "काहून काढता बाई, चांगलं चालून राह्यलं." एकानं तिला तोंडावर विचारलं, "तुले पगार भेटत व्हता याचा?" ती म्हणाली, "नाई." तो म्हणाला, "मंग फुकटात लोकाइचा जीव कायले घ्याचा?" ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याचं टोपण मोजूनच निघाली. चोवीस भरलं. आम्ही पन्नासच्या वर टोपणं मोजली. दहाचं एकही निघालं नाही.

तिला दिवसभर फोन येत. प्राचार्यांनी एकदा मला विचारलं की मुनेश्वर मॅडम कामाच्या वेळेत एवढं कुणाशी बोलतात? मी सांगितलं, माझ्या परवानगीनं बोलतात. अशी परवानगी देण्याचा मला अधिकार नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी अडीचला आलेला फोन फुलसावंगीचा होता. ते गाव आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, महागाव तालुक्यात. तिथं आम्ही दोघंही कधी गेलो नाही. हंसाबाई नावाची बाई बोलत होती. निरोप तिनं आत्ताच ऐकला होता, शेजारणीच्या फोनवर.

"तुमच्याकडं टोपन कोनतं हाये?" नलूनं विचारलं.

"पंपाले बांधेल. मोठं."

"शेवटची फवारनी कधी केली?"

"आज सकाळी. मालकानं केली."

"ते कुठं हायेत?"

"घरीच. आल्यापासून झोपले. जेवलेबी नाई."

"उठवा त्याइले," नलू म्हणाली. "आत्ता उठवा. मी फोन धरून हाये."

तिनं फोनचा आवाज वाढवला. आम्हाला पावलं ऐकू आली, भांडं पडल्याचा आवाज, मग बाईच्या हाका. रामलाल तिच्या नवऱ्याचं नाव. उत्तर येत नव्हतं. मी खुर्चीतून उठलो होतो. नलू हलली नाही. मग एक जड, चिडलेला आवाज आला, "काय हाये बे, झोपू द्या ना."

नलूनं डोळे मिटले आणि उघडले. "रामलाल भाऊ, तुमची बहीन समजा. समोर भिंतीवर कॅलेंडर हाये का?"

"हाये. कायले?"

"आजची तारीख वाचून दाखवा."

"चार. नाई, दोन... थांबा."

"खालचे बारीक अक्षर दिसतात?"

मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "नाई दिसून राह्यलं. दोन दिवसापासून नाई दिसत."

"हंसाबाई, अंगावरचे कपडे काढा, साबनानं आंघोळ घाला, आन गाडी पाहा. पुसदले घेऊन जा. औषधाची बाटली सोबत न्या, टोपन सोबत न्या." ती बोलत असतानाच मी ऑफिसात जाऊन तिथल्या फोनवरून पुसदमधल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. तो तिथं एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. तीस मिलीच्या जागी सत्तर-ऐंशी, टोपण मोजून नक्की करा, असं मी त्याला लिहून घ्यायला लावलं आणि परत वाचून दाखवायला सांगितलं.

मग काही करण्यासारखं उरलं नाही. मी माझ्या टेबलाशी न थांबता लॅबमध्ये परत आलो. नलू फोन मांडीवर ठेवून बसली होती. साडेतीन झाले, चार झाले. लॅबमधली मुलं आली, तिनं त्यांना परत पाठवलं. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"भरती केलं," हंसाबाई म्हणाली. "डाक्टर म्हने, बरं झालं लवकर आनलं."

"बरं," नलू म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमच्या गावात हा प्रोग्राम अजून कोनाकोनाच्या फोनात हाये, हंसाबाई? एकेक नाव सांगा. मी लिहून घेते."